धनुष्याकृती बेटे आणि बुडणारा सागरतळ

आशिया खंडाच्या आग्नेय दिशेचा नकाशा समोर ठेवला, तर ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यापासून निघालेली बेटांची एक ओळ लक्ष वेधून घेते. अंदमान, निकोबार, सुमात्रा, जावा, बाली आणि पुढे बांदा समुद्रापर्यंत ही ओळ एखाद्या ताणलेल्या धनुष्याप्रमाणे वाकत गेली आहे. धनुष्याच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे हिंदी महासागराच्या बाजूला, सागरतळात एक लांबच लांब गर्ता असून जावाच्या दक्षिणेस तिची खोली सात किलोमीटरांहून अधिक आहे. आतल्या अंगाला ज्वालामुखींची रांग आहे. ही तिन्ही एकमेकांना समांतर का असावीत, हा प्रश्न भूगोलाच्या अभ्यासकांना फार दिवस पडलेला होता. त्याच्या उत्तराचा पहिला धागा हाती आला तो एका डच शास्त्रज्ञाच्या लंबकांमुळे.

फेलिक्स आन्द्रीस व्हेनिंग माइनेस यांचा जन्म १८८७ साली हेग शहरी झाला. शिक्षणाने ते स्थापत्य अभियंता. हॉलंडमध्ये ठिकठिकाणी गुरुत्वाकर्षणाचे बल मोजण्याचे काम त्यांच्याकडे आले. हे बल लंबकाने मोजतात. गुरुत्वाकर्षण जेथे किंचित अधिक, तेथे लंबकाचा झोका किंचित जलद. परंतु हॉलंडची भूमी मऊ आणि दलदलीची असल्यामुळे ती सतत सूक्ष्मपणे थरथरत असते, आणि तेवढ्याने मोजमाप बिघडते. या अडचणीवर माइनेस यांनी शोधलेली युक्ती साधी होती. एका चौकटीत अनेक लंबक एकाच प्रतलात झुलवावयाचे आणि त्यांच्या झोक्यांतील फरक तेवढा नोंदावयाचा. आधाराचा आडवा धक्का सर्व लंबकांना सारखाच बसत असल्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो.

जे दलदलीवर साधते ते समुद्रावर का साधू नये? जहाजावर ते साधेना, कारण लाटांचे हेलकावे फार मोठे. परंतु लाटांचा जोर पृष्ठभागाजवळच असतो. थोडे खाली गेले की पाणी पुष्कळच शांत होते. म्हणून १९२३ साली डच आरमाराच्या ‘के-२’ या पाणबुडीतून हा अत्यंत उंचापुरा माणूस आपली उपकरणे घेऊन जावाच्या प्रवासास निघाला. पाणबुडीच्या त्या बुटक्या, तेलकट, कोंदट जागेत त्याचे काय हाल झाले असतील याची कल्पनाच केलेली बरी. १९२६ साली पनामामार्गे, आणि १९२९-३० मध्ये खुद्द ईस्ट इंडीजच्या बेटांभोवती, अशा सफरी होत राहिल्या. प्रत्येक ठिकाणी पाणबुडीने बुडी मारावयाची, लंबक सोडावयाचे, आणि त्यांच्या झोक्यांची रेषा प्रकाशकिरणाने छायाचित्रणाच्या कागदावर उमटवून घ्यावयाची.

या नोंदींतून अगदी अनपेक्षित गोष्ट बाहेर आली. सुमात्राच्या पश्चिमेकडील लहान बेटांवरून, जावाच्या दक्षिणेने आणि पुढे तिमोरवरून वळत जाणारा एक अरुंद पट्टा असा आढळला, की तेथे गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा कमी भरत होते. ही उणीव ऐकावयास क्षुल्लक वाटेल. हजार किलो धान्य स्प्रिंगच्या काट्यावर तोलले, तर या पट्ट्यावर ते सुमारे शंभर ग्रॅमांनी कमी भरेल, एवढीच ती. परंतु भूशास्त्राच्या हिशेबात ही तूट प्रचंड होय.

असे का, ते पाहिले पाहिजे. पृथ्वीचे कठीण कवच हे खालच्या अधिक जड आणि फार सावकाश ओघळणाऱ्या खडकावर, पाण्यावर ओंडका तरंगावा तसे तरंगत असते. जेथे हलके द्रव्य अधिक साठले असेल तेथे कवचाने वर उचलले गेले पाहिजे, म्हणजे तूट भरून निघते. या पट्ट्यात मात्र तूट कायम होती. ओंडका पाण्याखालीच राहिला आहे असे दिसले, की कोणीतरी तो दाबून किंवा ओढून धरला आहे असे समजावे लागते. माइनेस यांनी नेमका हाच निष्कर्ष काढला. पृथ्वीच्या अंतर्भागातील संथ प्रवाहांमुळे कवच दोन्ही बाजूंनी रेटले जाऊन त्याला खाली घडी पडली असावी, असे त्यांचे म्हणणे होते.

मोजमाप अचूक होते, घडीची कल्पना मात्र टिकली नाही. तिच्या जागी जे आले त्याची तयारी अन्यत्र चालली होती. जपानात कियो वादाती यांनी दाखवून दिले की भूकंपांची केंद्रे गर्तेजवळ उथळ असतात आणि भूखंडाच्या बाजूस जावे तसतशी अधिकाधिक खोल होतात. कॅलिफोर्नियात ह्यूगो बेनिऑफ यांना पॅसिफिकभोवती हेच आढळले. ही केंद्रे जोडली तर एक तिरपी उतरण तयार होते. जावाच्या उत्तरेस ती सहाशे किलोमीटरांहूनही खोल जाते. घडी एवढी खोल आणि एकाच बाजूस कलती असू शकत नाही. सागरतळच तिरपा होऊन खाली सरकत आहे, असे मानले म्हणजे मात्र सर्व काही जुळते. १९३२ साली वेस्ट इंडीजच्या सफरीत माइनेस यांच्याबरोबर पाणबुडीत असलेले तरुण अमेरिकन भूशास्त्रज्ञ हॅरी हेस यांनी १९६२ साली हे चित्र पूर्ण केले: महासागराच्या मध्यभागी नवा तळ निर्माण होतो आणि गर्तांमध्ये जुना तळ गिळला जातो. या गिळले जाण्यालाच अधोगमन म्हणतात. जावाजवळ त्याचा वेग वर्षाकाठी सहा-सात सेंटिमीटर आहे. माइनेस १९६६ साली निवर्तले. भूपट्टांचा सिद्धांत पुढच्या दोनच वर्षांत आकारास आला.

ज्वालामुखींचे कोडेही येथेच सुटते. खाली जाणाऱ्या तळाच्या खडकात पाणी मुरलेले असते. सुमारे शंभर किलोमीटर खोलीवर दाबाने आणि उष्णतेने ते बाहेर पडते आणि वरच्या तप्त खडकात शिरते. ओला खडक कोरड्या खडकापेक्षा कमी तपमानास वितळतो. तो शिलारस वर चढतो, आणि गर्तेपासून जवळजवळ ठराविक अंतरावर पर्वतांची रांग पेटते. १८८३ साली ज्याच्या स्फोटाने छत्तीस हजारांवर माणसे दगावली तो क्राकाटोआ याच रांगेतला, आणि अंदमानचे निर्जन बॅरन बेटही तिच्यातलेच. जवळजवळ दीडशे वर्षे निद्रिस्त राहून ते १९९१ साली पुन्हा जागे झाले. सह्याद्रीचा काळा पाषाणही शिलारसाचाच आहे. परंतु त्याचे कुळ निराळे, त्याचा अधोगमनाशी संबंध नाही.

पाण्याखाली ही सरकण नेहमी सुरळीत चालत नाही. दोन पट्ट एकमेकांत अडकून बसतात, वरच्या पट्टाची कड शतकानुशतके खाली ओढली जाते आणि एके दिवशी सुटते. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे तेराशे किलोमीटर लांबीची कड अशी सुटली. त्यातून उठलेल्या लाटांनी अनेक देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. निकोबारची किनाऱ्यावरील गावे वाहून गेली. भारताचे दक्षिणतम टोक असलेले इंदिरा पॉइंट सुमारे चार मीटर खचले आणि तेथील दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला. उलट उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रवाळ पाण्याबाहेर येऊन उन्हात मरून गेले. एकच धक्का, पण एक किनारा बुडाला आणि दुसरा वर आला. कड कोठे सुटली आणि जमीन तिच्यापासून किती दूर होती, यावर ते अवलंबून होते. पश्चिम किनाराही या विषयापासून अगदी अलिप्त नाही. मकरानच्या किनाऱ्याखाली असेच अधोगमन चालू असून २८ नोव्हेंबर १९४५ च्या तेथील भूकंपानंतर लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या.

२००४ च्या भूकंपाने सागरतळाचे आणि त्याखालील खडकाचे एवढे स्थानांतर झाले, की त्या भागातील गुरुत्वाकर्षण बदलले. पृथ्वीभोवती एकामागून एक फिरणाऱ्या ‘ग्रेस’ या जोड-उपग्रहांनी तो बदल शेकडो किलोमीटर उंचीवरून टिपला. त्याच धनुष्याच्या दुसऱ्या टोकाकडे माइनेस यांना जे मोजण्यासाठी पाणबुडीत उतरावे लागले होते, तेच हे बल.