यादीबाहेरचं सामान

लग्नाचा आचारी यजमानाला सामानाची यादी देतो, तेव्हा ती पुरी आहे की नाही हे नुसतं वाचून कळत नाही. डाळ, तांदूळ, गूळ, वेलदोडे, सगळं जागच्या जागी दिसतं. पहाटे कार्यालयाच्या भटारखान्यात पातेली चढतात, फोडणीची वेळ येते आणि हिंग कुणी आणलेलाच नाही, हे तेव्हा उमगतं. घरी हीच यादी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली असती, कारण हिंगाची डबी फडताळात असतेच. ती यादीत नाही हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. सॉफ्टवेअर लिहिणारेही अशीच यादी लिहितात. आपला प्रोग्राम दुसऱ्यांच्या कोणकोणत्या प्रोग्रामांवर उभा आहे, हे त्यात सांगायचं असतं. या आधारांना ते डिपेंडन्सी म्हणतात. ही यादी पुरी आहे याची खात्री करायची असेल, तर यादीत नसलेलं सगळं काढून घ्यायचं आणि मग काम होतं का ते पाहायचं. बाकीचे उपाय मदतीला येतात, पण या परीक्षेची जागा घेऊ शकत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

एक साधं उदाहरण घेऊ. झाँ-लू गेयी आणि मार्क ॲडलर यांनी १९९५ मध्ये झेडलिब नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार भाग, खुली केली. माहिती दाबून लहान करायची आणि पुन्हा उलगडायची, एवढंच तिचं काम; पण आज ती अक्षरशः असंख्य प्रोग्रामांच्या पोटात आहे. सी भाषेत लिहिणारा आपल्या फाइलीच्या माथ्यावर ‘झेडलिब.एच’ मागवणारी एक ओळ घालतो आणि कामाला लागतो. त्याच्या संगणकावर झेडलिब दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कशासाठी तरी येऊन बसलेली असते. प्रोग्राम तयार होतो, चालतो, चाचण्या पार पडतात. यादीत झेडलिबचं नाव नाही, हे सांगणारं त्या संगणकावर काहीच नसतं. लेखक खोटं बोलत नसतो. पण त्याचा संगणक या प्रकरणातला सगळ्यात कच्चा साक्षीदार असतो, कारण तिथे काहीच कमी पडत नाही.

हे ओळखून शिस्त लावणाऱ्यांत डेबियनचं नाव आवर्जून घ्यायला हवं. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली ही मुक्त संगणकप्रणाली जगभरचे स्वयंसेवक चालवतात. जून २०२३ मध्ये आलेल्या तिच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार असे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, होती. प्रत्येक पॅकेजच्या मूळ सामग्रीत ‘कंट्रोल’ नावाची फाइल असते आणि तिच्यात ‘बिल्ड-डिपेंड्स’ ही ओळ. ही ओळ तपासायची रीत अशी: एक कोरी खोली उभी करायची, म्हणजे प्रणालीची अगदी मोजक्या सामानाची प्रत. त्यात कंपायलर, ‘मेक’ आणि प्रोग्राम तयार करायला लागणारी अशीच काही मूलभूत अवजारं असतात. कार्यालयवाला चूल आणि पाणी देतो तसंच हे. कोणत्या गोष्टी गृहीत धरायच्या, तेही डेबियननं लिहून ठेवलं आहे. मग ओळीत ज्यांची नावं आहेत तेवढीच पॅकेजेस आत आणायची, इंटरनेट बंद ठेवायचं आणि प्रोग्राम बांधायला, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून चालता प्रोग्राम तयार करायला, घ्यायचा. झेडलिबचं नाव राहिलं असेल, तर काम जागच्या जागी थांबतं आणि पडद्यावर उमटतं की ‘झेडलिब.एच’ अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. काम संपलं की ती खोली टाकून द्यायची, पुढच्या पॅकेजसाठी नवी.

पूर्वी पॅकेज सांभाळणारा माणूस स्वतःच्या संगणकावर बांधलेला तयार प्रोग्राम पाठवू शकत असे. जुलै २०१९ मध्ये डेबियननं जाहीर केलं, की असे घरी बांधलेले प्रोग्राम यापुढे येत्या आवृत्तीत जाणार नाहीत. सगळं डेबियनच्या यंत्रांवर नव्यानं बांधलं जाईल. माणसांवर अविश्वास म्हणून हे घडलं नाही. घरचं फडताळ भरलेलं असतं, हे त्यांनी मान्य केलं, एवढंच.

इतकी उठाठेव कशाला, प्रोग्राम वाचून यादीशी ताडून पाहणारी अवजारं आहेतच की, असा आक्षेप येतो. आहेत, आणि ती जरूर वापरावीत. जावाच्या जगातलं मेव्हन ‘वापरलेल्या पण न सांगितलेल्या’ डिपेंडन्सी वेगळ्या काढून दाखवतं. पण वाचनाला मर्यादा आहेत. पायथनमध्ये प्रोग्राम ‘सीव्ही२’ मागतो, तर यादीत नाव लिहायचं असतं ‘ओपनसीव्ही-पायथन’. मागतो ‘पीआयएल’, लिहायचं ‘पिलो’. शिवाय कित्येक प्रोग्राम कोणता जोडभाग उचलायचा हे चालू असतानाच ठरवतात, आणि ते नाव लिहिलेल्या मजकुरात कुठेच नसतं. वाचून संशय घेता येतो. निकाल मात्र खोली रिकामी केल्यावरच लागतो.

कोरी खोलीही फसते, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. समजा, एखादा प्रोग्राम झेडलिब आणि पीएनजी चित्रांची लायब्ररी दोन्ही थेट वापरतो, पण यादीत फक्त पीएनजीची आहे. डेबियनमध्ये पीएनजीचं विकास-पॅकेज झेडलिबचं पॅकेज आपल्यासोबत आणतं. परीक्षा पार पडते, यादी अपुरीच राहते. शेजाऱ्याच्या भरवशावर आलेलं सामान शेजारी गेला की जातं. पायथनमध्ये हे ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसलं. तोवर एखाद्या प्रोग्रामासाठी वेगळं, नवं वातावरण उभारलं की त्यात ‘सेटअपटूल्स’ हे पॅकेज आपोआप येत असे, म्हणून अनेकांनी ते न सांगताच वापरलं होतं. ३.१२ या आवृत्तीपासून ते येणं बंद झालं आणि काल चालणारे प्रोग्राम पहिल्याच ओळीला अडले. याहून धोक्याची चूक मुकी असते. बरेच प्रोग्राम बांधताना आजूबाजूला चाचपतात: अमुक लायब्ररी सापडली तर ती सोय घालायची, नाही सापडली तर गुपचूप वगळायची. अशा वेळी कोऱ्या खोलीत सगळं सुरळीत पार पडतं आणि वापरणाऱ्याच्या हाती सोय गमावलेला प्रोग्राम येतो. म्हणून हव्या त्या सोयी नाव घेऊन मागाव्यात, मिळाल्या नाहीत तर काम थांबावं अशी सक्ती करावी, आणि तयार झालेला प्रोग्राम दुसऱ्या कोऱ्या खोलीत बसवून चालवून पाहावा. म्हणजे परीक्षा सोडायची नाही, ती आणखी एका ठिकाणी घ्यायची.

आता कंटेनर आले, अख्खं स्वयंपाकघरच पेटीत बंद करून पाठवता येतं, मग यादी हवी कशाला, असंही विचारलं जातं. पेटीमुळे प्रोग्राम चालतो हे खरं. पण पेटीत काय आहे, हा प्रश्न एके दिवशी येतोच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली अत्यंत गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा जगभरच्या संगणक विभागांना सगळ्यात आधी हेच शोधावं लागलं, की ती आपल्याकडे कुठे कुठे आहे. बहुतेकांनी ती स्वतः निवडलेली नव्हती. दुसऱ्या कशाच्या तरी पोटातून ती आली होती. भारतात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीनंही त्याच वर्षीच्या सायबरसुरक्षा चौकटीत अशा यादीचा आग्रह धरला. पण ही यादी प्रोग्रामाच्या स्वतःच्या जाहीर यादीवरून काढली, तर मूळ यादीतलं भोक तिच्यातही जसंच्या तसं उतरतं.

वेळ लागतो, यंत्रं लागतात, ही तक्रार खरी आहे. मात्र तो वेळ वाचत नाही, दुसऱ्याच्या माथी जातो. लेखकाला दहा मिनिटांत कळलं असतं, ते पुढे प्रोग्राम उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला शोधावं लागतं. आणि त्यांत नुकतंच शिकू लागलेलं कुणी असेल, तर ‘झेडलिब.एच नाही’ हे वाचून त्याला आपलंच काही चुकलं असं वाटतं. दुरुस्ती बहुतेक वेळा एका नावाची असते. कंट्रोल फाइलीतल्या त्या ओळीवर एक नाव वाढतं, पुन्हा नवी कोरी खोली उभी राहते, आणि या वेळी काम त्या ओळीवरून न अडखळता पुढे जातं.