वही मिटून केलेला अभ्यास

जव्हार तालुक्यातल्या आपल्या वसतिगृहात मी संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेते. दहावीतल्या एका मुलीची वही मी इतरांना नमुना म्हणून दाखवत असे. मोत्यासारखं अक्षर, पट्टीने आखलेल्या रेघा, फळ्यावरचा एकही शब्द सुटलेला नाही. सहामाहीत ती विज्ञानात नापास झाली. त्या रात्री तिने विचारलं, "बाई, दिवाळीनंतर आईबाबांबरोबर वीटभट्टीवरच जाऊ का? मला शाळेतलं काही जमायचं नाही."

मी तिचीच वही घेऊन 'अपवर्तन म्हणजे काय?' असं विचारलं. व्याख्या धडाधड सुरू झाली, मधे एक शब्द अडला आणि पुढचं सगळंच थांबलं. घरी वारली बोलणाऱ्या या मुलीने पुस्तकी मराठी वाक्यं अर्थ न कळता उतरवून घेतली होती. सुंदर वहीलाच अभ्यास समजणारी मी; चूक माझी होती.

त्यानंतर आम्ही टिपणाची पद्धत बदलली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक या प्राध्यापकांनी ती रूढ केली. तिला लागते फक्त साधी वही आणि पट्टी.

पानावर डावीकडे चार बोटं जागा सोडून उभी रेघ मारायची. तळाशी चार-पाच ओळी मोकळ्या ठेवायच्या. वर्गात उजव्या बाजूला मुद्दे लिहायचे, पूर्ण वाक्यं नकोत. शिक्षकांचं बोलणं आधी ऐकायचं, मग लिहायचं. त्याच संध्याकाळी डावीकडे त्या मुद्द्यांवरचे प्रश्न काढायचे. तळाशी धड्याचं सार दोन ओळींत, स्वतःच्या शब्दांत. ते आपल्या बोलीत लिहिलं तरी चालेल.

त्या मुलीने डावीकडे लिहिलं, 'ओढ्यात उभी केलेली काठी वाकडी का दिसते?' उजवीकडे होतं, 'पाण्यातून हवेत येताना प्रकाश स्तंभिकेपासून दूर झुकतो.' काठीचं ती लहानपणापासून पाहत होती. तिचा धड्याशी संबंध पहिल्यांदाच जुळला.

खरा अभ्यास इथून पुढे. उजवी बाजू हाताने झाकायची, डावीकडचा प्रश्न वाचायचा आणि उत्तर मोठ्याने सांगायचं. अडलं तरच हात काढायचा. हेच तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा.

यामागे कारण आहे. शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून मांडलं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर, न पाहता आठवून लिहिणारे पुढे होते. वाचताना 'येतंय' असं वाटतं, ते बऱ्याचदा फसवं असतं.

सुरुवातीला मुलं कुरकुरली. झाकून सांगताना उत्तर चुकतं, त्याची लाज वाटते. म्हणून आम्ही जोड्या लावल्या: एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. चुकलं तर हसायचं नाही, हा एकच नियम.

दिवाळीनंतर तिचे आईबाबा भट्टीवर गेले. ती वसतिगृहात राहिली. मार्चच्या परीक्षेत ती विज्ञानात पास झाली. गुण फार नव्हते, पण आता ती अकरावीत आहे आणि संध्याकाळी आठवीच्या मुलींना प्रश्न विचारायला बसते. तिची वही आता पूर्वीसारखी देखणी नसते. खाडाखोड असते, बाण असतात, कडेला वारली शब्द असतात.

आपण वह्या, गाइड पाठवता, त्याबद्दल आभारी आहोतच. पुढच्या वेळी वसतिगृहात याल तेव्हा मात्र एखाद्या मुलाशेजारी बसा, वही मिटायला सांगा आणि विचारा, "आज काय शिकलास? मला समजावून सांग." तो अडखळेल. जरा थांबा, उत्तर त्यालाच शोधू द्या.