मुरगळलेला घोटा आणि भरतीची तारीख

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटे साडेचारलाच वस्ती जागी होते. इंदोरा असो, पाचपावली असो की मेडिकलजवळचे रामबाग, अंधारात सिमेंट रोडवर पावलांचा आवाज सुरू होतो. पोरे पुढे, पोरी दोघी-तिघींच्या गटाने मागे, आणि एखादीची आई सायकल घेऊन सोबत. साडेसहाला हीच मंडळी परत येतात तेव्हा आम्ही ओट्यावर चहा घेत असतो. आरोग्याचे पान लिहून लिहून सवय लागली म्हणा, आमची नजर चेहऱ्याकडे न जाता पायांकडे जाते. कोण टाच टेकवत नाही, कोण पायरी चढताना भिंत धरतो, ते दिसते.

आमच्याच गल्लीतली एक मुलगी, वय २२. सिमेंट रोड जिथे संपतो आणि गट्टू सुरू होतात तिथे चार बोटांची पायरी असते, त्या कडेवर तिचा पाय पहिल्यांदा मुरगळला. घोटा सुजला. घरच्यांनी तेल लावून जोरात चोळला, कोणीतरी पाय ओढून ‘बसवून’ दिला, आठ दिवसांनी ती पुन्हा पळायला लागली. दोन महिन्यांत तोच पाय आणखी दोनदा मुरगळला. आम्ही विचारले तर म्हणाली, “थोडंसंच दुखते काकू, पळलं का मोकळं होते.” आई कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, “डॉक्टरकडे नेलं आन् पळू नको म्हणला त?”

खरी भीती ही आहे, आणि ती खोटी नाही. शारीरिक चाचणीचे गुण ५०. त्यात मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, शंभर मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. म्हणजे ५० पैकी ३५ गुण पायांवर. शारीरिक चाचणीत निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचे दारच उघडत नाही. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला वयाची ३३ वर्षे मिळतात खरी, पण पुढची जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. घरात बाप ऑटो चालवणारा आणि आई चार घरची भांडी घासणारी असेल, तर पोरगी दुखणे लपवणारच. म्हणून “पळू नका” असे आम्ही इथे लिहिणार नाही. दुखणे वर्षभर का रेंगाळते आणि ते कसे थांबवायचे, एवढेच सांगणार आहोत.

लोक ज्याला ‘शीर’ म्हणतात, ती घोट्यात हाडाला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी असते. डॉक्टर तिला लिगामेंट म्हणतात. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला अशा तीन दोऱ्या आहेत. पाऊल आत वळून मुरगळले की बहुतेक वेळा पुढची दोरी ताणते किंवा फाटते. सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते आणि आपण समजतो की बरे झाले. पण या दोऱ्यांचे आणखी एक काम आहे. पाऊल कोणत्या कोनात पडले, जमीन किती तिरपी आहे, ही खबर त्या क्षणात मेंदूला देतात आणि स्नायू पाय सावरून घेतात. दुखापतीत ही खबर देणारी व्यवस्थाही बिघडते, आणि ती नुसत्या आरामाने नीट होत नाही. अंधारात खड्डा आला की मेंदूला उशिरा कळते आणि पाय पुन्हा वळतो. आमच्या गल्लीतल्या मुलीचा पाय नशिबाने नाही, या कारणाने तीनदा मुरगळला.

यावरचा उपाय इतका साधा आहे की लोकांना तो औषध वाटतच नाही. दुखऱ्या एका पायावर उभे राहायचे. सकाळी दात घासताना ३० सेकंद, भिंत हाताशी ठेवून. जमले की डोळे मिटून. मग घडी केलेल्या गोधडीवर उभे राहून. सोबत एका पायावर चवडे उचलून टाच वर-खाली करणे, आणि रुमालाने किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबने पाऊल चारही दिशांना ओढून ताकद वाढवणे. रोज १० ते १५ मिनिटे, निदान सहा ते आठ आठवडे. हा व्यायाम करणाऱ्यांचा पाय पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण कमी होते, हे जगभर अभ्यासून झालेले आहे. पहिले काही महिने पळताना घोट्याला दोरीचा ब्रेस किंवा नीट बांधलेली पट्टी असली तर अधिक बरे.

पाय नुकताच मुरगळला असेल तर पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका, आणि कोणाला ओढू देऊ नका. फाटलेली दोरी चोळल्याने रक्तस्राव आणि सूज वाढते. आत हाड मोडले असेल आणि कोणी ते ओढले, तर साधे प्रकरण ऑपरेशनपर्यंत जाते. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. क्रेप बँडेज, आणि झोपताना पायाखाली उशी. हळद-चुन्याच्या लेपाने सूज उतरली असे सांगणाऱ्या आज्या आमच्याही घरात आहेत, पण गरम लेपाने कातडी सोललेले पायही आम्ही पाहिले आहेत.

एक्स-रे कधी काढायचा? मुरगळल्यावर लगेच किंवा दवाखान्यात चार पावलेही टाकता येत नसतील तर. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्याच्या मागच्या कडेला किंवा टोकाला हाडावर बोट दाबल्यावर कळ येत असेल तर. करंगळीच्या रेषेत, पावलाच्या मधोमध बाहेर जे हाड लागते त्यावर, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखत असेल तर. यातले काहीच नसेल तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फार कमी.

मात्र प्रत्येक रेंगाळणारे दुखणे मुरगळण्याचे नसते. आम्ही पोरांना एक प्रश्न विचारतो: एका बोटाने दाखव, कुठे दुखते? जो पूर्ण हात नडगीवरून फिरवतो, त्याच्या नडगीच्या हाडावर आणि त्याला चिकटलेल्या भागावर ताण आलेला असतो. पळणे कमी केले की तो साधारणपणे उतरतो. जो एकाच ठिकाणी बोट ठेवतो आणि दाबले की ओरडतो, त्याच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. हा तडा एका धक्क्याने जात नाही. रोजच्या रोज जास्त पळून हाड थकते. ओळखण्याची खूण अशी की आधी पळताना दुखते, मग चालताना, मग रात्री पडल्या पडल्याही. फसवणूक अशी की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत काहीच दिसत नाही. “रिपोर्ट नॉर्मल आहे” म्हणून पोरगा पळतच राहतो आणि तडा वाढत जातो. एक्स-रे साफ असूनही त्याच जागी दुखत राहिले तर पुन्हा दाखवा. या तड्याला सहा ते आठ आठवडे पळणे बंद लागते, पावलाच्या काही हाडांना त्याहून जास्त.

सकाळी खाटेवरून उतरताना पहिली दहा पावले टाचेखाली खिळा टोचल्यासारखी वाटतात आणि मग कमी होते, तर ते तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे. पोटरी आणि तळवा ताणण्याचे व्यायाम करा, घरात अनवाणी फिरू नका. यात वेळ फार जातो, महिनेही जातात, पण हे बहुधा ऑपरेशनशिवाय बरे होते.

टाचेच्या मागच्या जाड दोरीचे दुखणे हा आणखी एक जुना त्रास. त्याच्यावरच्या व्यायामाची गोष्ट आम्हाला आवडते. स्वीडनमधले हाडांचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन स्वतः धावायचे आणि त्यांची हीच दोरी दुखायची. त्यांना ऑपरेशन हवे होते, वरिष्ठांनी नाही म्हटले. चिडून त्यांनी दुखरी दोरी तुटेपर्यंत ताण द्यायचे ठरवले, म्हणजे मग ऑपरेशन करावेच लागेल. दोरी तुटली नाही, उलट दुखणे गेले. १९९८ मध्ये त्यांनी १५ धावपटूंवर हाच व्यायाम १२ आठवडे करून पाहिला आणि सगळे पुन्हा धावू लागले. करायचे एवढेच: पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी वर जायचे, आणि दुखऱ्या एका पायावर टाच हळूहळू पायरीच्या खाली उतरवायची. १५ वेळा, असे तीन फेरे, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही, सकाळ-संध्याकाळ. यासाठी जिम लागत नाही, घराची पायरी पुरते. हाडाला तडा असल्याचा संशय असेल तर मात्र हा व्यायाम करू नका.

आता गोळ्यांविषयी. पहाटे उपाशीपोटी डायक्लोफेनॅक घेऊन मैदानात उतरणारी पोरे आम्हाला माहीत आहेत. वेदना ही शरीराची शिट्टी आहे, आणि गोळीने ती शिट्टी फक्त बंद होते. वर नागपूरचे ऊन, घाम, अंगात पाणी कमी. अशात या गोळ्या पोटाला आणि किडनीला बाधतात. टाचेच्या दोरीत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन चाचणीला जाणे तर त्याहून धोक्याचे. ती दोरी तुटू शकते.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट बघावी लागते. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल आहे. ज्याच्या रक्तात ‘एसएस’ आहे त्याला हाडे दुखण्याचे झटके येतात आणि घोट्याजवळ न भरणाऱ्या जखमाही होतात. असे दुखणे पळण्याच्या खाती टाकून वर्षे घालवू नका. ‘एएस’ म्हणजे वाहक असलेला मुलगा पळू शकतो, त्याचे पायाचे दुखणे सहसा सिकलसेलचे नसते. पण उन्हात तहानलेल्या अंगाने जोर लावून पळणे वाहकालाही धोक्याचे आहे. पाणी पिऊनच मैदानात उतरावे, चक्कर आली किंवा पाय एकदम जड झाले की थांबावे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. देशाचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. भरतीची तयारी सुरू करण्याआधीच ही तपासणी करून घ्या.

मुलींच्या आयांना वेगळे सांगायचे आहे. पोरगी पहाटे पळते, मग कॉलेज, मग घरकाम, आणि ताटात शेवटी उरलेले. त्यात वजन वाढू नये म्हणून स्वतःच कमी खाते. पाळी दोन-तीन महिने चुकली तर “पळण्याने होते तसे” म्हणून सोडू नका. खाणे पुरत नाही आणि हाडे ठिसूळ होत आहेत, याची ती खूण असते. अंडे, फुटाणे-गूळ, डाळ, हिरवी भाजी, दूध परवडेल तितके. पळून आल्यावर तासाभरात काहीतरी पोटात गेलेच पाहिजे. मुलगा पळत असला की त्याला अंडी उकडली जातात, हे आम्ही पाहतो.

आता अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटरची वाट तुडवणारा, बारावीनंतर ५ महार बटालियनमध्ये भरती झालेला जवान. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीने त्याची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पूर्ण करून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. घोट्यामुळे एक स्पर्धा गेली, पाय गेला नाही.

बहुतेक दुखण्यांची सुरुवात जाहिरातीच्या दिवशी होते. आदल्या दिवशीपर्यंत काही नाही आणि दुसऱ्या दिवसापासून आठ किलोमीटर. हाडाला आणि दोरीला वाढलेला भार पेलायला आठवडे लागतात, श्वासाला लागतो त्याहून जास्त वेळ. दम लवकर तयार होतो, पाय मागे राहतात. म्हणून भरती नसतानाही आठवड्यातून तीन दिवस पळत राहावे. सिमेंटपेक्षा मातीचे मैदान बरे. उजेड नसेल तर थोडे उशिरा निघा. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्याचा बूट पाच-सहा महिन्यांत आतून बसतो, वरून चांगला दिसला तरी.

पळणे बंद असले तरी तयारी बंद ठेवायची नाही. दुखत नसेल तर सायकल चालवा. १५ गुणांच्या गोळ्यासाठी खांदा आणि पाठ कमवा. मुलींचा गोळा ४ किलोचा, मुलांचा ७.२६ किलोचा. आणि १०० गुणांची लेखी परीक्षा आहेच. परतायचे कसे? अर्धा तास झपझप चालून दुखले नाही, एका पायावर २० वेळा टाच उचलली, १० वेळा लंगडी घातली आणि तरी दुखले नाही, तर एक मिनिट पळा, दोन मिनिटे चाला, असे दहा वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतो ते पाहून पुढे सरका.

चाचणी तीन आठवड्यांवर असेल तर? साधा मुरगळलेला घोटा असेल तर पट्टी बांधून, वर सांगितल्या पायऱ्यांनी जाता येईल. हाडाला तडा असेल तर ती तारीख जाऊ द्या. हे लिहिताना आमचाही हात जड होतो.

मेडिकलला किंवा मेयोला सकाळीच केसपेपर काढा आणि अस्थिरोग ओपीडीत जा. “पाय दुखतो” एवढेच सांगू नका. केव्हापासून, कोणत्या बोटभर जागी, पळताना की नंतर, कितव्यांदा मुरगळला, हे कागदावर लिहून न्या. भरतीची तारीखही सांगा. गोळ्या लिहून दिल्या तर विचारा, “भौतिकोपचाराला पाठवता का?” रांग मोठी असते, डबा सोबत ठेवा.

आमच्या गल्लीतली मुलगी सहा आठवडे पळाली नाही. आई सोबत गेली होती. डॉक्टर “पळू नको” म्हणाले नाहीत, “आत्ता नको” म्हणाले. परवा पहाटे विहारामागच्या मैदानावर आई मोबाईल धरून उभी होती आणि मोजत होती: एक मिनिट पळ, दोन मिनिटे चाल.