अक्कलदाढ यायच्या वयात दात हलतोय?

मेसमध्ये माझा रूममेट भाकरी डाळीत कुस्करून खायला लागला, तेव्हा आम्ही त्याची यथेच्छ खिल्ली उडवली. 'आजोबा' असं नावही ठेवलं. ग्रुप फोटोत तो ओठ मिटून हसायचा, तेही आम्हाला स्टाइल वाटली. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री मात्र त्याने आरशासमोर उभं राहून खालचा पुढचा दात बोटाने हलवून दाखवला. दात चक्क डुलत होता! वय वर्षं 22. 'चार महिने झाले, कुणाला सांगू?' एवढंच तो म्हणाला. त्या रात्री कुणीच हसलं नाही.

लहानपणी दात हलला की मजा वाटायची, कारण खालून नवा येणार हे माहीत असायचं. आता खाली राखीव खेळाडू नाही. त्यामुळे प्रकरण समजून घेतलेलं बरं.

दात हलतो का?

दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा नसतो. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पातळ थर असतो. त्यामुळे निरोगी दातही अगदी किंचित हलतो, पण तो आपल्याला जाणवत नाही. जाणवायला लागला, तर तंतू किंवा हाड यांचं काहीतरी बिनसलंय.

मोठेपणी दात हलण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे हिरड्यांचा आजार. दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो, तो साफ झाला नाही की कडक होऊन त्याचं कीटण बनतं. मग हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येतं. इथेच थांबलं तर गाडी पूर्ण मागे फिरते. दुर्लक्ष केलं की सूज आत उतरते, हिरडी दातापासून सुटते आणि खालचं हाड झिजायला लागतं. बहुतेक वेळा हे सगळं न दुखता चालतं, म्हणून कळतही नाही. काही जणांमध्ये तर हा आजार वयात येतानाच सुरू होतो आणि पुढचे दात व पहिल्या दाढा झपाट्याने सैल करतो. घरात कुणाचे दात लवकर पडले असतील तर जास्त सावध राहा.

टपरीवरचा चहा-सुट्टा इथे डबल गेम करतो. सिगारेटमुळे आजार वाढतो आणि हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी झाल्याने रक्तही कमी येतं. म्हणजे धोक्याची घंटाच बंद! माझ्या रूममेटचं नेमकं हेच झालं होतं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे; पण तंबाखू आणि 'दात घट्ट होतात' म्हणून घासली जाणारी मिश्री अजून घराघरांत आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने दात घट्ट होत नाहीत.

याशिवाय मधुमेह, झोपेत दात खाण्याची सवय, क्रिकेट किंवा बाइकवर बसलेला मार हीसुद्धा कारणं असतात. ब्रेसेस लावल्या असतील तर दात थोडे हलणं अपेक्षितच आहे. तरी खूपच हलले तर डॉक्टरांना दाखवा.

क्लिनिकमध्ये काय होतं?

डॉक्टर दात किती हलतो ते बघतात. आडवा एक मिलिमीटरपर्यंत हलत असेल तर सौम्य, त्याहून जास्त म्हणजे मध्यम आणि वर-खालीही हलत असेल तर गंभीर. हाड किती उरलंय ते एक्स-रेमध्ये दिसतं.

पहिला उपाय म्हणजे स्केलिंग आणि हिरडीखालून मुळांची सफाई. 'स्केलिंगने दात सैल होतात' हे आपल्याकडचं लाडकं गॉसिप आहे. कीटण निघाल्यावर दातांमध्ये फटी जाणवतात, पण त्या आजाराने आधीच केलेल्या असतात. आजार खोलवर गेला असेल तर हिरडी उघडून शस्त्रक्रिया, काही ठिकाणी हाडाची भर. सैल दात शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून आधार देतात. झोपेत दात खाणाऱ्यांना नाइट गार्ड मिळतो. काहीच जमलं नाही, तर दात काढून इम्प्लांट किंवा ब्रिज.

खर्चाची भीती वाटते? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत पालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे खासगी क्लिनिकपेक्षा बऱ्याच कमी पैशांत उपचार होतात. हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, तोच विचारा.

मार लागून दात पडला तर?

दात मुळाला न धरता वरच्या भागाने उचला. घाण असेल तर फक्त हलकेच धुवा, घासू नका. लगेच जागेवर बसवता आला तर उत्तम, नाहीतर दुधात ठेवा आणि तडक डेंटिस्ट गाठा. शक्यतो अर्ध्या तासात, कारण पुढे प्रत्येक मिनिटाला दात वाचण्याची शक्यता कमी होत जाते.

रोजचं काम सोपं आहे. दोनदा दोन-दोन मिनिटं मऊ ब्रश, दातांच्या फटींसाठी फ्लॉस. आणि सैल दात जिभेने, बोटाने हलवून बघत बसू नका.

रूममेटचा दात सध्या तारेच्या आधाराने उभा आहे. झिजलेलं हाड पूर्वीसारखं होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. सुट्टा बंद आहे, निदान आमच्यासमोर तरी. भाकरी अजून कुस्करूनच खातो. आम्ही मात्र आता त्याला 'आजोबा' म्हणत नाही. चार महिन्यांपूर्वीच कुणीतरी 'काय रे, दुखतंय का?' असं विचारायला हवं होतं, हे आम्हालाही कळलंय.