निकोबारचा मेगापोड व त्याचे विद्यार्थी अभ्यासक

बंगालच्या उपसागराच्या दक्षिण टोकास असलेल्या निकोबार द्वीपसमूहात कोंबडीएवढ्या आकाराचा, तपकिरी रंगाचा व तांबड्या उघड्या मुखाचा एक पक्षी राहतो. जगात अन्यत्र कोठेही तो आढळत नाही. त्याचे जवळचे भाऊबंद थेट फिलिपिन्स व बोर्निओकडे आहेत. थोराड पायांमुळे या कुळास मेगापोड असे नाव पडले असून, या पायांचा उपयोग तो ज्या कामासाठी करतो ते पाहिले असता कोणाही जिज्ञासू वाचकास नवल वाटल्यावाचून राहणार नाही.

हा पक्षी अंडी उबवीत नाही. नर व मादी मिळून वाळू, पोवळ्यांचा चुरा, माती आणि पालापाचोळा पायांनी ओढून त्यांचा ढिगारा रचतात. ढिगाऱ्यातील पाला सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने कुजू लागला म्हणजे उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेवर, ढिगाऱ्यात खोल पुरलेली अंडी दोन ते अडीच महिन्यांत उबतात. अंड्यात बलकाचा साठा विपुल असल्यामुळे पिलू पूर्ण वाढूनच बाहेर येते, माती उकरीत वर चढते आणि मातापित्यांची वाट न पाहता रानात निघून जाते. आईबापांचे काम पिलाशी नाही, ते ढिगाऱ्याशी आहे.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे १८७३ साली या बेटांवर गेले होते व त्यांनी या पक्ष्याविषयी लिहिले. परंतु त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे जी माहिती जमली ती बहुतांशी प्रवाशांच्या ओझरत्या निरीक्षणांची होती. पद्धतशीर गणना झाली ती १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. कोईमतूर येथील सालीम अली पक्षीविज्ञान व निसर्गेतिहास केंद्राचे रवी संकरन यांनी बेटामागून बेट पायी फिरून ही गणना केली. पाठोपाठ त्याच केंद्रातील एका संशोधक विद्यार्थ्याने ग्रेट निकोबार येथे राहून पक्ष्याच्या प्रजननाचा अभ्यास आपल्या प्रबंधासाठी हाती घेतला.

घनदाट झाडीत लपणाऱ्या या लाजाळू पक्ष्यांची गणती करावी कशी? उत्तर साधे आहे. पक्षी दिसत नाही, पण ढिगारा पळून जात नाही. नवी माती उकरलेली, ताजा पाला ओढलेला ढिगारा म्हणजे वापरातील ढिगारा. ज्यावर गवत उगवले व कडा ढासळल्या तो सोडून दिलेला. अडचण अशी की, एकच ढिगारा कधी एक जोडी वापरते, कधी अनेक जोड्या आळीपाळीने वापरतात. म्हणून नुसत्या ढिगाऱ्यांच्या संख्येवरून जोड्यांची संख्या काढता येत नाही. एकेका ढिगाऱ्याजवळ आडोशाला बसून कोण येते, कोण माती टाकते, कोणास हुसकावले जाते याची नोंद दिवसच्या दिवस ठेवावी लागते. थर्मामीटर पुरून आतील उष्णता मोजावी लागते. उघड्या जागी रचलेला, जिवंत झाडाच्या बुंध्याशी रचलेला आणि मेलेल्या खोडाभोवती रचलेला असे ढिगाऱ्यांचे प्रकारही ओळखावे लागतात. हे काम करणाऱ्यास हुशारीपेक्षा चिकाटीच अधिक लागते, असे आमचे मत आहे.

शिवाय तेथे पोहोचणे हीच एक परीक्षा. १९५६ च्या विनियमानुसार आदिवासींसाठी राखीव असलेल्या भागात परवान्यावाचून पाऊल टाकता येत नाही. जहाजाची वेळ हवामानावर अवलंबून असते, पाऊस वर्षाचे बहुतेक महिने असतो आणि हिवतापाची भीती सदैव असते. निकोबारी वाटाड्यांच्या साह्यावाचून कोणताही प्रबंध पुरा झाला नसता, परंतु मुखपृष्ठावर त्यांचे नाव येत नाही.

या परिश्रमांतून जी गोष्ट स्पष्ट झाली ती पुढे फार मोलाची ठरली. बहुसंख्य ढिगारे समुद्रकिनाऱ्यालगतच्या अरुंद वनपट्ट्यात असतात. ढिगाऱ्यास हवी असलेली भुसभुशीत वाळूमिश्रित माती व पाला तेथेच एकत्र मिळतात. नारळाच्या बागा आणि वस्त्या यांनाही हीच जागा हवी असते. ग्रेट निकोबारवर १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबे वसविण्यात आली व त्यांत महाराष्ट्रातूनही काही कुटुंबे गेली. वस्तीबरोबर कुत्री व मांजरे आली, आणि जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यास तीही जाचक झाली.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीच्या लाटांनी हाच किनारपट्टा धुऊन नेला. भूकंपाने दक्षिणेकडील जमीन खचली आणि इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. मेगापोड बेट या नावाचे चिमुकले अभयारण्यही बुडाले. गलाथिया उपसागराच्या काठी अभ्यासासाठी मुक्काम केलेल्या तरुण संशोधकांपैकी काही जण परतले नाहीत. २००६ साली पुन्हा गणना झाली, तेव्हा किनाऱ्यावरील मेगापोडांची संख्या पूर्वीच्या मानाने सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हा आकडा सांगता आला तो केवळ दहा-बारा वर्षांपूर्वीचे ढिगारे कोणीतरी मोजून ठेवले होते म्हणून.

त्यानंतर किनाऱ्यावर नवे रान वाढू लागले व गलाथियाच्या काठी ढिगारे पुन्हा दिसू लागले. परंतु जानेवारी २०२१ मध्ये गलाथिया उपसागर अभयारण्याची अधिसूचना रद्द करण्याचा निर्णय झाला, आणि तेथील बंदर व नगर यांच्या प्रकल्पास नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. मेगापोडासाठी दुसरे बेट राखून ठेवण्याची योजना तिच्याबरोबर मांडलेली आहे. बेट राखले म्हणजे पक्षी आपण होऊन तेथे जाईल का, गेला तर तेथील माती त्याच्या उपयोगाची आहे का, आणि तेथे आधीपासून असलेल्या जोड्या नव्यांस ढिगाऱ्यावर चढू देतील का, हे प्रश्न कागदावर सुटणारे नाहीत. ते सोडविण्यास एका प्रबंधाची तीन-चार वर्षे पुरत नाहीत. पहिल्या विद्यार्थ्याने खुणा केलेले ढिगारे दुसऱ्याने, व दुसऱ्याचे तिसऱ्याने त्याच पद्धतीने मोजले पाहिजेत, आणि त्यासाठी पहिल्याच्या नोंदवह्या तिसऱ्याच्या हाती पडतील अशी सोय कोणत्यातरी संस्थेने केली पाहिजे.