रीफ टँकचं पाणी अचानक दुधाळ झालं तर?

पाणी रात्रीतून दुधाळ, कोरल मिटलेले. अशा वेळी मी कोड डीबग करतो तसंच करतो: एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

बफर टाकल्या टाकल्या पांढरं झालं? मग तो कॅल्शियम कार्बोनेटचा साका. डोस थांबवा.

नाहीतर बहुतेक वेळा बॅक्टेरिया वाढलेले असतात आणि ते ऑक्सिजन संपवतात. त्यात आमच्या वर्ध्याचा मे! गरम पाण्यात ऑक्सिजन कमीच विरघळतो. म्हणून आधी एअर पंप लावा, खाणं थांबवा, पाणी हळूहळू 26 अंशांवर आणा. मग अमोनिया टेस्ट. तो दिसला तर मेलेला मासा शोधून काढा, आणि तितकंच खारट, तितक्याच तापमानाचं पाणी घेऊन पाचवा हिस्सा बदला. सगळं पाणी एकदम बदललं, तर तगलेले कोरलही त्या धक्क्याने जाऊ शकतात.