लॉकिंग ट्रेमोलो : पहिल्यांदा तारा बदलताना

फ्लॉइड रोझ यांनी गिटारसाठी बनवलेल्या लॉकिंग ट्रेमोलोला १९७९मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. यात तारा नट आणि ब्रिज, दोन्हीकडे आवळलेल्या असतात. म्हणून ट्रेमोलोची दांडी जोरात दाबली तरी सूर जागेवर परततो.

• तारा एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्या, तर स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचतात.
• तारेचा मणी कापा आणि टोक सॅडलमध्ये ॲलन कीने आवळा.
• नट सैल, फाइन ट्यूनर मध्यावर ठेवून सूर लावा. एक तार चढवली की बाकीच्या उतरतात. सहाही पुन्हापुन्हा तपासा.
• ब्रिज पुढे कलला, तर मागच्या पोकळीतले स्प्रिंगांचे स्क्रू आवळा. मागे बसला, तर सैल करा.
• शेवटी नट आवळा. उरलेला फरक फाइन ट्यूनरने काढा.